काचेवर टिचकी मारू नये

आमच्या दिवाणखान्यात फिश टँक आला, त्याला येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. तीन फूट लांब, दीड फूट उंच काचेची टाकी, तळाशी रंगीत खडे, मागे समुद्राचं निळंजांभळं चित्र, मधोमध प्लास्टिकचा पडका किल्ला आणि झाकणात पांढराशुभ्र दिवा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं 'वा!' म्हणावं असा सगळा थाट. उणीव एकच होती. मासे दिसत नव्हते.

चार एंजल मासे आणले होते. अकोल्याच्या दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत घालून, खामगावमार्गे बोथ्याचा घाट चढून ते बुलडाण्याला आले. पिशवी सौ.नं सबंध प्रवासभर मांडीवर धरली होती. टाकीत सोडल्या क्षणी चौघेही जे फिल्टरच्या मागे गेले, ते गेलेच. बिलावर चार नग, टाकीत शून्य. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हिशेब जुळत नसला की झोप लागत नाही. मी रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन टाकीपाशी उभा राहत असे आणि मासे अधिकच आत सरकत असत. त्या टॉर्चचं पुढे सांगतोच.

टाकी आणली होती ती नातीसाठी. मुलगा आणि सूनबाई नोकरीच्या धबडग्यात पुण्याला. नात तेव्हा दुसरीत होती, आणि काही अडचणींमुळे वर्षभर आमच्याकडे राहणार होती. मूळचीच अबोल, त्यात नवं गाव, नवी शाळा. बाईंची चिठ्ठी आली, 'मुलगी वर्गात बोलत नाही.' घरी पाहुणे आले की ती पडद्यामागे. मग आपल्याकडे जे होतं तेच व्हायचं. 'ये ना बेटा, नाव सांग. लाजते काय अशी? काकांना कविता म्हणून दाखव.' पडदा हालत राही, कविता काही बाहेर येत नसे. कोणीतरी सुचवलं, मासे आणा, मुलांना विरंगुळा होतो. मासे आणले. आता पाहुणे आले की नात पडद्यामागे आणि मासे फिल्टरमागे, अशी आमच्या दिवाणखान्याची शोभा झाली.

पाहुणे मात्र हार मानणारे नव्हते. फिश टँक दिसला की माणसाच्या तर्जनीला काय होतं, देव जाणे. साठीतले वकील असोत, तहसील कचेरीतले बाबू असोत की शेजारचा चार वर्षांचा बंड्या असो, प्रत्येकजण येऊन काचेवर टकटक करतो. 'आहेत का जिवंत?' हा पुढचा प्रश्न. आपल्याला ती साधी टिचकी वाटते. पण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं जातो आणि माशाला तो नुसता ऐकू येत नाही, अंगभर जाणवतो. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. पाण्यातली अगदी हलकी हालचाल टिपणारं ते इंद्रियच आहे. शेजारून कोण गेलं, मागून कोण येतंय, हे मासा त्या रेघेनं ओळखतो. अशा जिवाच्या घराच्या भिंतीवर दिवसातून वीस वेळा कोणी ठोकत असेल, तर त्यानं बाहेर येऊन नमस्कार करावा ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

तीन आठवडे असे गेले आणि मग मी एक शहाणपणा केला. त्याची आठवण काढताना आजही मान खाली जाते. मनाशी तर्क केला की, लपायला जागा आहे म्हणून लपतात. जागाच काढून घेतली तर जातील कुठे? एका रविवारी सकाळी हात घालून तो किल्ला काढला, फिल्टर कोपऱ्यातून उचलून काचेला घट्ट चिकटवला, दोन-चार प्लास्टिकची झुडपं होती तीही बाहेर काढली. टाकी आरशासारखी स्वच्छ झाली. मासे दिसले. चारही दिसले. एका कोपऱ्यात एकमेकांना खेटून, अंगावरचे काळे पट्टे पार फिके पडलेले, पंख मिटलेले, श्वास भराभर चाललेला. मी नातीला हाक मारली, "बघ, आले की नाही बाहेर!" तिनं पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेली.

तिसऱ्या दिवशी त्यातला एक तरंगताना सापडला. नातीनं तो चहाच्या गाळणीनं काढला आणि अंगणात जास्वंदीच्या बुडाशी पुरला. मला तिनं एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या गल्लीत हिवताप विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. पंचाहत्तरीचे आहेत, मूळचे घाटाखालचे, संग्रामपूरकडचे. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणते. नोकरीतली कितीतरी वर्षं त्यांनी गावोगावच्या हौदांत आणि डबक्यांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडण्यात घालवली. त्यांच्या परसातल्या सिमेंटच्या टाक्यात अजून गप्पींची पैदास चालू असते. सौ.नं त्यांना बोलावून आणलं. भाऊ आले, खुर्ची टाकीपासून चांगली चार हात लांब ओढून बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, तुमी त्याईचं घर मोडलं अन् म्हन्ता, बाहीर काहून येत नाही? कसे येतीन ते? पह्यले घर द्या. अन् मंग सोबत द्या."

संध्याकाळी भाऊंनी तीन वस्तू आणल्या. एक फुटकं मडकं, शाळेच्या आवारातल्या बदामाची वाळून गळलेली पाच-सहा पानं, आणि दुधाच्या किटलीत दहा-बारा गप्पी मासे. सरकारी गप्पी तो. रंग ना रूप. राखाडी अंगाचा, दीड इंचाचा, कुठेही आणि कशातही जगणारा. मला मनातून जरा वाईटच वाटलं. दीडशे रुपयांच्या एंजलच्या शेजारी फुकटचे गप्पी! पण त्या गप्पींना टाकीचा, दिव्याचा, माझा, कशाचाच संकोच नव्हता. सोडल्यापासून पाच मिनिटांत ते वरच्या पाण्यात असे भटकू लागले, जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे. भाऊंनी मडकं आडवं ठेवलं, प्लास्टिकची झुडपं परत लावली, वरून पानं सोडली आणि सांगितलं की आता आठ दिवस टाकीकडे बघायचं नाही.

आठ दिवस कोण थांबतो? पण चौथ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता डोळ्यांच्या कोपऱ्यातून काहीतरी हललं. मडक्याच्या तोंडाशी एक एंजल अर्धा बाहेर येऊन उभा होता आणि वर फिरणाऱ्या गप्पींकडे पाहत होता. मी पेपरचं पान उलटलं. तो आत गेला, पण मिनिटाभरात पुन्हा आला. पंधरवड्यात तिघांपैकी दोघे टाकीभर हिंडू लागले, अंगावरचे पट्टे पुन्हा डांबरासारखे काळे झाले.

हा काय चमत्कार, म्हणून मी शोध घेऊ लागलो, तेव्हा कळलं की भाऊंची ही विद्या शास्त्राच्या पुस्तकातही आहे. एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. आपल्या धरणांतून निघणारा आणि बाजारात स्वस्तात मिळणारा तिलापिया, म्हणजे चिलापी, तोही याच कुळातला. या कुळाचा आयुष्यभर अभ्यास करणारे अमेरिकेतले प्राध्यापक जॉर्ज बार्लो यांना हीच अडचण आली होती. मासे घाबरून लपत, मग त्यांच्या वागणुकीचा अभ्यास करायचा कसा? तेव्हा उघड्या पाण्यात बिनधास्त पोहणारे दुसऱ्या जातीचे छोटे मासे सोबत ठेवले, की लपणारे मासे बाहेर येतात, हे त्यांनी १९६८ साली एका निबंधात मांडलं. इंग्रजीत अशा सोबत्यांना 'डिदर फिश' म्हणतात. त्यामागचा हिशेब सोपा आहे. वरचे लहान मासे निवांत फिरताहेत, त्याअर्थी आसपास बगळा नाही, खंड्या नाही, मोठा मासा नाही. आपण नव्या गावात रात्री उतरलो आणि रस्त्यावर बायका-मुलं हिंडताना दिसली की आपला जीव भांड्यात पडतो, त्यातलाच हा प्रकार.

भीती जशी जाते तशीच ती पसरतेही. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी १९३८ साली एक गोष्ट दाखवून दिली होती. मिनो नावाच्या माशाच्या कातडीला जखम झाली की त्यातून पाण्यात एक द्रव्य सुटतं आणि त्याचा वास येताच सगळा थवा घाबरून पळतो. बार्ब, टेट्रा या आपल्या टाकीतल्या नेहमीच्या माशांच्या कुळांतही हे घडतं. जाळी घेऊन टाकीभर माशाचा पाठलाग करताना एकाचं अंग खरचटलं, तर ती बातमी सगळ्या टाकीला कळलेली असते. आपण म्हणतो, 'कालपर्यंत चांगले होते, आज काय झालं कोण जाणे.'

आणि लपायची जागा जास्त असली की मासा जास्त बाहेर येतो, हे जे उलटं वाटणारं गणित आहे, त्याचंही उत्तर माशाच्या अंगावरच लिहिलेलं आहे. एंजल मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या संथ पाण्यात बुडालेली मुळं आणि उभे देठ यांच्या गर्दीत तो राहतो. म्हणून त्याचं अंग ताटलीसारखं चपटं, म्हणून त्यावर उभे काळे पट्टे. त्या देठांत तो शिरला की नाहीसाच होतो. आपण ज्या सौंदर्यावर भाळून पैसे मोजतो, ते मुळात लपण्याचं सामान आहे. घर हाकेच्या अंतरावर आहे याची खात्री असली, की तो अंगणात येतो. घरच नसेल तर त्याला सगळीकडे उघडं मैदान.

आता थोडं व्यवहाराचं, कारण रविवारी हे वाचून कोणीतरी सोमवारी दुकानात जाणारच.

टाकी भिंतीला टेकवून ठेवावी आणि बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवावी. बुटक्या टेबलावर ठेवली की माणूस माशाला वरून येणारी सावली म्हणून दिसतो, आणि वरून येणारी सावली म्हणजे पाण्यातल्या जिवाला बगळाच. दाराच्या वाटेवर, टीव्हीशेजारी, दणादण आपटणाऱ्या कपाटाला लागून टाकी नको. मागचं समुद्राचं चित्र काढून मी साधा काळा कागद चिकटवला. एका बाजूनं तरी कोणी येणार नाही, हे माशाला कळलं पाहिजे. तळाचे निळे-पिवळे खडे काढून नदीची धुतलेली वाळू आणि चार काळे दगड घातले. आपल्या घाटावरचा काळा दगड यासाठी उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. नारळाची करवंटी, मडक्याचे तुकडे चालतात. कडा तेवढ्या घासून घ्याव्यात. पाण्यावर तरंगणारी थोडी वनस्पती असली की डोक्यावर छप्पर येतं.

दिव्याबद्दल मी स्वतः मोठा अपराधी आहे. माशाला आपल्यासारख्या पापण्या नसतात. अंधारात एकदम झगझगीत दिवा लागला तर तो डोळे मिटू शकत नाही. सकाळी आधी खिडकीचा पडदा किंवा खोलीतला दिवा, दहा-पंधरा मिनिटांनी टाकीचा. रात्री आधी टाकीचा बंद, मग खोलीतला. हे कळल्यावर माझ्या मध्यरात्रीच्या टॉर्चचा अर्थ मला कळला. हिशेब तपासायला मी रोज रात्री दरोडाच घालत होतो.

पाण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात जरा वेगळी आहे. घाटावर बुलडाण्याला येळगाव धरणाचं पाणी. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचं पाणी माणसाला प्यायची मारामार, तर माशाचं काय सांगावं. मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या पाण्यात वाढलेला मासा एकदम अशा पाण्यात सोडला, तर तो कोपऱ्यात बसून राहील, आणि ती लाज नसेल, यातना असेल. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवून, वाटी-वाटीनं टाकीचं पाणी तिच्यात मिसळून, मग मासा सोडावा. खाऱ्या, जड पाण्याच्या गावात टेट्राचा हट्ट धरू नये. गप्पी, मोली असे जड पाणी मानवणारे मासे ठेवावेत. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. नळ रोज येत नसल्यानं आपल्याकडे ड्रम भरलेले असतातच. एक-दोन दिवस उघड्या ड्रममध्ये राहिलेलं पाणी बरं. घाई असेल तर हायपोचे दोन-चार खडे. फिल्मच्या जमान्यात आमच्या गावचे मासेवाले हे खडे फोटो स्टुडिओतून कागदाच्या पुडीत आणत, कारण फोटो पक्का करण्याचं आणि क्लोरीन मारण्याचं रसायन एकच. आठवड्याला पाव टाकीच बदलावी. सगळं पाणी फेकून टाकी साबणानं घासणाऱ्यांच्या हातून मासे मरतात आणि दोष पायगुणाला जातो.

भाऊंच्या बदामाच्या पानांचं मला हसू आलं होतं. पण त्या पानांतून उतरणारा चहासारखा तांबूस रंग उजेड सौम्य करतो, आणि अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो नावाच्या उपनदीचं पाणीही असंच कुजलेल्या पानांनी काळपट झालेलं असतं. नावाचा अर्थच काळी नदी. बुलडाण्याच्या शाळेतल्या बदामानं अ‍ॅमेझॉनची उणीव भरून काढली म्हणायची. आमची थंडी मात्र या माशांना सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत टाकीत हीटर लागतो, नाहीतर मासे तळाशी बसतात आणि माणसाला वाटतं, रुसले.

सगळंच लपणं भीतीचं नसतं, हेही सांगायला हवं. काही मासे मुळातच निशाचर. शिंगटीच्या जातीचे मिशीवाले मासे दिवसा दगडाखालीच राहणार. त्यांना दिवसा बाहेर काढू पाहणं म्हणजे रखवालदाराला दुपारी उठवून पहारा देतोस का म्हणून विचारणं. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. ते पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे ठेवावेत, खाणं बेताचं द्यावं. खेळता मासा अचानक कोपरा धरून बसला, पंख मिटून राहिला, खाणं सोडलं, तर आधी पाण्याचा संशय घ्यावा.

आणखी एक आपली खास सवय. दुकानात गेलं की आपण म्हणतो, 'यातली एक जोडी द्या, त्यातली एक जोडी द्या.' लग्नाच्या आहेरासारखं. थव्यानं राहणाऱ्या टेट्राची किंवा बार्बची जोडी म्हणजे दोन एकटे मासे. एकाच जातीचे सहा-आठ तरी घ्यावेत, जाती हव्या तर कमी कराव्यात.

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण हे मी माशांच्या आधी माणसांत पाहिलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत घाटाखालच्या एका खेडेगावात माझी शाखा होती. साहेबाची केबिन काचेची. शेतकरी यायचा तो दाराशी, पाण्याच्या माठाआड उभा राहायचा. तासभर उभा राहून न बोलता निघून गेलेली माणसं मला आठवतात. बायका तर पायरीही चढत नसत. आम्ही आतून हाका मारत असू, 'काय काम आहे? या ना पुढं, बोला ना!' ती आमची टिचकीच होती, आता कळतं. पुढे १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि काही वर्षांनी आमच्याकडेही गट आले. ज्या बाईला एकटीला पायरी चढवत नव्हती, तीच दहाजणींत मिळून आली, खुर्ची ओढून बसली आणि व्याज जास्त का लावलं म्हणून मला विचारू लागली. तिला धीट होण्याचं शिक्षण कोणी दिलं नव्हतं. सोबत मिळाली होती. माठाआडून निघून गेलेल्यांपैकी किती जणांनी पुढे सावकाराचा उंबरठा गाठला असेल, ते मात्र आमच्या कुठल्याच रजिस्टरला लागलेलं नाही.

लपणं म्हणजे भित्रेपणा, हे समीकरणच मला हल्ली खटकतं. आमच्या घराच्या वाटेवर, बोथ्याच्या घाटात, ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ च्या अखेरीस तिथे एक तरुण वाघ आला. टिपेश्वरला जन्मलेला, गळ्यात रेडिओ पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो इथवर पोचला होता. शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडत, दिवसा दडून आणि रात्री चालून. त्याला कोणी लाजाळू म्हटलं नाही.

दुकानदार मंडळींविषयी एक तक्रार नोंदवतो आणि तो विषय सोडतो. गोल काचेच्या भांड्यात एकटा मासा विकणं थांबलं पाहिजे. चहूबाजूंनी उघडं, ना कोपरा ना आडोसा. त्यात वास्तूची आणि भरभराटीची भर. अमुक रंगाचा मासा तमुक दिशेला ठेवला की पैसा येतो म्हणे. बँकेत इतकी वर्षं काढली, पैसा येण्याचे पुष्कळ मार्ग पाहिले, त्यात मासा कुठे दिसला नाही. आणि कंटाळा आला म्हणून हे परदेशी मासे नदीत-तलावात सोडण्याचं पुण्य करू नये, गप्पीसुद्धा. आपल्या ओढ्यांतल्या देशी माशांना आधीच जागा पुरेना झाली आहे.

नातीबद्दल विचाराल. आम्ही तिला पाहुण्यांसमोर बोलावणं बंद केलं. ठरवून केलं असंही नाही. मडकं ठेवल्यावर आपोआपच तोंडाशी आलेली हाक गिळली जाऊ लागली. भाऊंच्या दोन नाती संध्याकाळी माशांना खाणं घालायला येऊ लागल्या. मोठ्या बोलघेवड्या पोरी, एकमेकींशी भांडत टाकीपुढे बसत. आमची पडद्यापाशी. मग पडद्याच्या अलीकडे. मग तिघी मिळून खाणं घालू लागल्या. एकदा एंजलनं गप्पीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू सगळ्यांदेखत गिळलं, तेव्हा झालेल्या आरड्याओरड्यात तिसरा आवाज आमच्या घरचा होता.

दिवाळीच्या सुमारास माझे एक जुने बँकमित्र आले. बसल्या बसल्या त्यांनी टाकीकडे हात केला, तर्जनी वाकवली. "काका, नका वाजवू," मागून आवाज आला, "त्यांना अंगभर ऐकू येतं." मित्रानं हात मागे घेतला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "अरे वा, नाव काय तुझं?" ती पुन्हा पडद्यामागे गेली. मी विषय बदलून त्यांच्या पेन्शनची चौकशी केली.

वर्ष संपल्यावर ती पुण्याला परत गेली. आता फोनवर पहिला प्रश्न तिसऱ्या एंजलचा असतो. दोघे दिवसभर टाकीभर फिरतात, मला पाहून खाण्यासाठी पुढेही येतात. तिसरा अजून मडक्यात आहे. रात्री टाकीचा दिवा बंद झाला, खोलीतला तेवढा सुरू असला, की तो दहा-पंधरा मिनिटं बाहेर येतो आणि काचेच्या कडेनं एक फेरी मारून परत जातो. त्याचं खाणं आम्ही मडक्याच्या तोंडाशी टाकतो. मी तेव्हा लिहीत बसलेलो असतो. मान वर करत नाही.